दोन बोटांनी उघडणारं बॉनेट

मोरू, तुझ्या तेराव्याचं जेवण मी चुकवलं. रोह्याहून पेण काही लांब नाही. गाडी दारात उभी होती, अंगात तापबिप काही नव्हता. तरी सकाळचा चहा घेऊन जो ओट्यावर बसलो तो बसूनच राहिलो. बायको दोनदा विचारून गेली, "निघताय ना?" तिसऱ्यांदा तिनं विचारलं नाही. माणूस गेला त्या दिवशी जाणं सोपं असतं रे. गर्दी असते, खांदा द्यायचा असतो, बोलावं लागत नाही. तेराव्याला माणसं पानावर बसतात आणि गेलेल्याबद्दल चांगलं बोलतात. मला नेमकं तेच जमणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नलू वहिनींचा फोन आला. मला वाटलं, का आला नाहीत म्हणून विचारतील. तसलं काही विचारलं नाही. म्हणाल्या, "भाऊजी, तुमचं ते कापायचं मशीन हाय ना, कटर? ते घेऊन या उद्या. ह्यांचे फायबरचे साचे कापून टाकायचेत. ह्यांनीच सांगून ठेवलंय. पोरीचा, मनीषाचा, हात उचलत नाय त्याला."

"किती आहेत?" मी विचारलं. जसं काही मला माहीतच नव्हतं.

"नऊ."

नऊ म्हणजे सगळे. तुझं अर्धं आयुष्य. पेणमध्ये गणपती घडवणारे गल्लोगल्ली आहेत, पण मोठ्या मूर्तीचा फायबरचा साचा म्हटलं की दुसरे कारखानेवालेसुद्धा तुझ्या दारात यायचे. आणि तूच जाताना सांगून गेलास, की माझ्या हातात खोट आहे, माझे साचे कुणी वापरू नका. तुझ्या हातात खोट नव्हती, मोरू. हे पक्कं माहीत असलेला माणूस या जगात एकच होता, आणि वहिनींनी कटर घेऊन त्यालाच बोलावलं.

सगळं त्या बॉनेटपासून सुरू झालं. तुला हे नवीन नाही, पण पहिल्यापासून सांगितल्याशिवाय मला शेवटापर्यंत पोचता येणार नाही. तू माझं बोलणं मधेच तोडायचास. आता तरी ऐकून घे.

आयटीआयला आपण एका बाकावर होतो. दुसऱ्या वर्षी तुझे वडील पडले आणि तू फिटरचं शिक्षण सोडून कारखान्यात मातीत हात घातलास. मी लोखंडात राहिलो, रोह्याच्या कंपनीत शिफ्ट करत. आपलं भांडण तेव्हापासूनचं. मी म्हणायचो, तुम्ही मातीवाले कशाचं माप घेत नाही. तू म्हणायचास, "तुमी लोखंडवाले नुसतं माप बघता, हाताला कधी विचारत नाय." चाळीस वर्षं हेच एक भांडण आपण वेगवेगळ्या टपऱ्यांवर भांडलो. कुणीच जिंकलं नाही आणि जिंकायची घाईही नव्हती.

माझे बाबा नागोठण्यात एका भातगिरणीच्या मालकाकडे ड्रायव्हर होते. मालक म्हातारे झाले, मुलं लांब गेली, तेव्हा त्यांनी ती गोल दिव्यांची जुनी विलायती गाडी बाबांना देऊन टाकली. बाबा रोज सकाळी तिचं बॉनेट उघडायचे, ते दोन बोटांनी. पंजा लावायचे नाहीत. दोन बोटं कडेखाली घालून जरासं उचलायचं, पुढचं काम बिजागऱ्यांच्या स्प्रिंगा करायच्या. एरवी काढायला दोन गडी लागतील असं ते जाड पत्र्याचं बॉनेट वर जाऊन आपलं आपण उभं राहायचं. लहानपणी मला वाटायचं, माझ्या बापाच्या बोटांत काहीतरी आहे. पुढं फिटर झालो, स्प्रिंग काय करते ते कळलं, तरी ते वाटणं काही गेलं नाही.

बाबा गेले आणि त्याच्या पुढच्या पावसाळ्यात अंबा नदीचं पाणी घरात शिरलं. गाडी तीन दिवस पुरात होती. मी रोह्यात अडकलो होतो, रस्ता बंद. पाणी उतरल्यावर नागोठण्याला पोचलो तर तू आधीच तिथं. पेणहून चार कामगार आणि बांबू घेऊन आलेला, गुडघाभर गाळात उभा. गाडी तुम्ही ओढून उंचावर काढली होती. दिवसभर तू मूर्तीवरची धूळ झाडायच्या मऊ ब्रशनं डॅशबोर्डच्या फटींतला गाळ काढत बसलास. मी म्हटलं, "पाईप मार ना, किती वेळ घालवतोस."

"पाईप म्हशीला मारतात," तू म्हणालास. "बाबांनी हिला कधी मारला होता काय?"

मी तुझे आभार मानले नाहीत. आपल्यात ती पद्धत नव्हती. आता वाटतं, असायला हवी होती.

रिटायर झाल्यावर मी गाडी कामाला काढली. इंजिन झालं, ब्रेक झाले, वायरिंग झालं. बॉनेटची मात्र गंजून चाळणी झालेली. त्या गाडीचं बॉनेट आता कुठं मिळणार? तू ते उलटंसुलटं करून बघितलंस आणि म्हणालास, "एवढंच ना? साचा घेतो. फायबरचं करू." दोन वर्षांपूर्वीचा आषाढ होता तो. तुझ्या कारखान्यात पाय ठेवायला जागा नाही, पावसामुळे प्लॅस्टर वाळत नाही म्हणून सगळीकडे पंखे चालू, ऑर्डरवाले दारात. तरी एक कोपरा तू माझ्या बॉनेटसाठी मोकळा केलास. गंजाची भोकं मेणानं बुजवलीस, त्यावरून साचा घेतलास, मग साच्यात रेझिन आणि फायबरची मॅट, थरावर थर. थर किती जाड झाला ते मोजलं नाहीस. नखानं टिचकी मारायचास आणि मान वाकडी करून ऐकायचास. मी खिशातून मोजपट्टी काढली तर हसलास.

साच्यातून निघाल्यावर तू वहिनींना हाक मारलीस, "अगो नलू, इकडं ये जरा." आणि ते आख्खं बॉनेट त्यांच्या डोक्यावर ठेवलंस. मासळीची पाटी न्यावी तशा वहिनी ते घेऊन रामवाडीच्या रस्त्यापर्यंत चालत गेल्या, एका हाताचा नुसता आधार. माणसं थांबून बघत होती. तू मागून चालत होतास, तोंडावर नुसतं कौतुक. ते वहिनींचं होतं की बॉनेटचं, देव जाणे. तुमच्या धंद्यात हलकं करण्यातच हुशारी. मूर्ती जितकी हलकी तितकी उचलणाऱ्यांची दुवा. तसंच तू हेही हलकं केलंस, आणि त्यात काहीच चुकलं नव्हतं.

त्याच दुपारी आपण गाडी घेऊन धरमतरला गेलो. बॉनेट पुढून सुतळीनं बांधलेलं, तू खिडकीतून मान बाहेर काढून त्याच्यावर नजर ठेवून. जेट्टीजवळ गाडी लावून भजी खाल्ली. समोर खाडीत मालाचे बार्ज रिकामे होत होते. मी म्हटलं, आता घरी गेलो की जुन्या स्प्रिंगा चढवतो. तुझा हात भज्यावरच थांबला.

"त्या नको लावू. काठी लाव."

"काठी? बॉनेट आहे की मांडव?"

"तो बार्ज बघ," तू म्हणालास. "माल उतरला की कसा वर येतो. तुझ्या स्प्रिंगा जाड पत्रा पेलायच्या. आता लोखंडाचा भार गेला ना? मग तो पेलणारा जोर कशाला ठेवतोस? फायबर हाय ते, मधून वाकंल."

मी बाबांच्या दोन बोटांचं सांगितलं. ते तू शंभरदा ऐकलेलं. तरी ऐकलंस. मग म्हणालास, "बरं. मग थांब थोडा. गणपती जाऊ देत. बिजागरीच्या जागी फायबरच्या पोटात लोखंडी पट्टी घालून देतो. स्प्रिंगा पण नरम शोध. तोवर काठी." परत आल्यावर तू बांबूची एक काठी मापात कापलीस, टोकाला सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळलंस, रंगाला ओरखडा नको म्हणून. मी ती डिकीत फेकली. तू म्हणालास, "तुझं आपलं पी हळद नि हो गोरी."

मी थांबलो नाही. दीड महिन्याची तर गोष्ट होती. पण माझ्या डोक्यात बसलं होतं, की यंदा घरचा गणपती बाबांच्या गाडीतून न्यायचा आणि तुझ्या दारात बॉनेट दोन बोटांनी उघडून दाखवायचं. मातीवाल्याला लोखंडवाल्यानं दाखवायचं, हेही होतंच त्यात. खोटं कशाला बोलू, आता तरी.

श्रावणातल्या एका रविवारी मी एकट्यानं त्या स्प्रिंगा चढवल्या. हातानं ताणून त्या चढत नाहीत, इतक्या कडक. त्याची एक युक्ती असते, तुला दाखवायची राहिली. स्प्रिंग जराशी वाकवायची, एका बाजूची वेटोळी उघडतात, त्या फटींत एकेक वायसर, म्हणजे लोखंडी चकती, सरकवायचा. मग दुसऱ्या बाजूला वाकवायची, तिकडं वायसर. असं करत करत स्प्रिंग लांब होते आणि हुक बिजागरीत आरामात बसतो. मग बॉनेट खाली ओढायचं. स्प्रिंग ताणली की वायसर सुटून टपटप खाली पडतात. बाबांनी शिकवलेलं.

मी बॉनेट खाली ओढलं. पुढची कड खाली आली, मागची बिजागरीपाशी वरच राहिली, आणि मधला भाग सुपासारखा वाकला. मला दिसत होतं. तेव्हाही हात काढता आला असता. मी अंगाचा भार टाकला. वायसर पडायला लागले, इंजिनवर, फरशीवर, आणि त्या टपटपीत एक आवाज वायसरचा नव्हता.

डाव्या बिजागरीजवळ, आतल्या अंगाला, केसासारखी भेग होती. मी तीत लांबीची पुट्टी भरली, रंग मारला. स्प्रिंगा काढल्या नाहीत. गणपती न्यायला आलो तेव्हा तुझ्या दारात बॉनेट दोन बोटांनी उघडलं. तू काही बोलला नाहीस कारण तू बघितलंच नाहीस. पन्नास गिऱ्हाइकं तुझ्याभोवती, तू मूर्ती काढून देत होतास. निघताना मात्र धावत आलास आणि बॉनेटला झेंडूचा हार घातलास. डाव्या बाजूला, बरोबर लांबी भरली होती त्याच जागेवर.

दिवाळीपर्यंत भेग वर आली. रंग फुटला, पंजासारख्या पाच रेघा. आता तुला दाखवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. भाऊबीजेला पेणला निघायचं म्हणून आदल्या दिवशी मी स्प्रिंगा काढल्या. हुकाच्या जागा घासून चमकत होत्या. त्यांवर ग्रीस फासलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. हात काय करतायत ते मला चांगलं कळत होतं.

तू बॉनेटसमोर उकिडवा बसलास. अंगठा भेगेवरून फिरवलास, एकेका रेघेवरून. मग वर बघून विचारलंस, "स्प्रिंगा लावल्या होत्यास काय?"

"नाय रे. काठीवरच होतं."

एवढंच वाक्य. जड जाईल असं वाटलं होतं, पण सहज तोंडातून गेलं. तू लगेच मान हलवलीस. तुला शंकासुद्धा आली नाही. "मग माझाच हात," असं म्हणालास आणि उठून आत गेलास. भेगेखाली आतून तू नवीन थर दिलेस, एकावर एक, टिचकी न मारता, नुसते देत गेलास. वहिनींनी जेवणाचं ताट वाढून दोनदा बोलावलं, तू तसाच चिकट हातांनी उभा.

मला वाटलं होतं, विषय संपला. झाकली मूठ सव्वा लाखाची. माझी मूठ झाकलेली राहिली आणि तुझी तू उघडून उघडून बघत बसलास. ज्या हातानं मित्राचं बॉनेट बिघडलं त्या हाताचे साचे लोकांच्या देवाला कसे चालतील, असं तू मनाशी धरलंस. रेझिनचा ब्रश मनीषाच्या हातात दिलास. तिला शिकवलंस, पण स्वतः परत हात लावला नाहीस. नऊ साचे मागच्या पडवीत ताडपत्रीखाली गेले. ज्याच्याकडे लोक साचे मागायला यायचे तो दोन हंगाम दुसऱ्यांचे साचे मागून आणायला लागला. मनीषा म्हणायची, बाबा, साचे चांगले आहेत. तू म्हणायचास, "बॉनेट पण चांगलंच दिसत होतं."

फोन करायचास मला. इकडचं तिकडचं बोलून झालं की तुझा आवाज बदलायचा. "फिटर, त्या डाव्या कोपऱ्यात मॅट तीन थर होती का दोन? तू उभा होतास ना तिथं?" मी म्हणायचो, सोड ना रे आता. एकदा तर चिडलो तुझ्यावर. म्हटलं, एका बॉनेटचं किती काढशील. तू म्हणालास, "व्हय, तुला पण कटाळा आला असेल." प्रत्येक फोन ठेवताना मी ठरवायचो की पुढच्या वेळी सांगायचं. माझ्यासारखा माणूस पुढची वेळ कायम असते असं धरून चालतो.

छाती भरायला लागली तेव्हा तू बोलायचास कमी. शेवटचा भेटलो तेव्हा नाकाला नळी होती, बोलता येत नव्हतं. मी खुर्ची ओढून बसलो. तू माझ्याकडे बघितलंस आणि पलंगाच्या लोखंडी कडेवर नखानं टिचकी मारलीस. मग मान वाकडी केलीस. मला कळलं काय विचारतोयस ते. पुन्हा मारलीस. मी तुझा हात धरून चादरीखाली ठेवला आणि म्हटलं, "पड आता जरा."

ते शेवटचं. यापुढं मी कितीही जगलो तरी माझ्याकडून तुला मिळालेलं शेवटचं उत्तर हेच राहणार.

मधूनमधून मन पळवाट शोधतं. वाटतं, तुला कळलं असणार. हुकाजवळचं ग्रीस तुला दिसलं असणार आणि तू मला झाकून घेतलं असणार. तसा होतासच तू. पण कळलं असतं तर तू साचे कापायला सांगितले नसतेस. तेवढी एक गोष्ट ती पळवाटही बंद करून टाकते.

तर काल मी आलो. तीच गाडी, डिकीत कटर. वाकण फाट्यापाशी चहाला थांबलो, चहा निवाला, तसाच टाकून निघालो. तुझ्या कारखान्यात शिरलो आणि पाय अडखळले. सगळे गणपती रंगून तयार, मुकुट, शेले, सोंडा, सगळं झालेलं, आणि एकालाही डोळे नाहीत. सुतकात आखणी नाही, हा तुमच्या घरचा नियम. डोळे तूच आखायचास. रांगेनं उभ्या त्या पांढऱ्या पापण्यांसमोरून मला परसात जायचं होतं. कुणीच माझ्याकडे बघत नव्हतं आणि तरी मी भिंतीच्या कडेनं गेलो.

वहिनींनी पडवी झाडून ठेवली होती. नऊ साचे पालथे मांडलेले. मनीषा ब्रश धुण्याच्या निमित्तानं पाठमोरी बसली होती, नळ बंद होता. वहिनी म्हणाल्या, "पॉइंट हितं हाय भाऊजी. वायर पुरंल ना?"

मी वायर जोडली. कटर हातात घेतला. पहिला साचा मला माहीत होता, तो तू केलास तेव्हा मनीषा रांगत होती आणि ओल्या रेझिनवर हात ठेवला म्हणून तू तिला न रागावता तो ठसा तसाच ठेवलास. कडेला अजून आहे तो. इवलासा पंजा.

"वहिनी," मी म्हटलं, "ते बॉनेट मोरूच्या हातानं तडकलं नाही. मी तडकवलं."

मग मी सगळं सांगितलं. स्प्रिंगा, वायसर, तो आवाज, लांबी, ग्रीस, भाऊबीज. कटर हातातच होता. खाली ठेवायचं सुचलं नाही.

"म्हंजे ह्यांना शेवटपर्यंत ठावं नव्हतं," वहिनी म्हणाल्या.

"नाही."

वहिनी एका पालथ्या साच्यावर बसल्या. "जेवून उठले की उजेडात हात धरून बघायचे हो. मी म्हणायची, काय बघता? म्हणायचे, कुठं बिघडलाय ते दिसत नाय." मग माझ्या हातातल्या कटरकडे बघून म्हणाल्या, "एवढं बोलायला मशीन घेऊन यायला लागलं व्हय, भाऊजी तुमाला?"

मी कटर खाली ठेवला, वायर काढली.

मनीषा उठली. मला वाटलं, ती आता मला घराबाहेर काढेल, आणि मी गेलोही असतो. तिनं पहिला साचा उलटा केला, मधोमध टिचकी मारली आणि मान वाकडी केली. हुबेहूब तू. मग दुसरा. मग तिसरा. नवव्यापर्यंत गेली. परत येऊन म्हणाली, "चिडले असते, काका. दोन दिवस बोलले नसते तुमच्याशी. तिसऱ्या दिवशी त्यांनीच फोन केला असता, फिटरला अक्कल नाय म्हणून. तेवढंच झालं असतं."

तेवढंच. दोन दिवसांचा राग मला सोसवणार नव्हता म्हणून मी तुला पावणेदोन वर्षं दिली, मोरू. याची माफी मागायला आता तू नाहीस, आणि वहिनींनी ती दिलेली नाही. देऊही नये. चहा मात्र दिला. कपबशी माझ्यासमोर ठेवताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

साचे आत न्यायला मी हात लावला. मनीषानं एक टोक धरलं, मी एक. नऊ फेऱ्या झाल्या. पंजाचा ठसा असलेला साचा तिनं सगळ्यांत पुढं लावून घेतला. यंदाच्या मूर्ती तर झाल्यात, पण माघीच्या गणपतीला यातूनच काढणार म्हणाली. मग हात धुतले, बारीक ब्रश घेतला आणि पहिल्या मूर्तीसमोर बसली. बसली, आणि उठली. "काका, आधी ते बॉनेट दाखवा मला."

मी कटर ठेवायला डिकी उघडली, तर कोपऱ्यात ती काठी. रबर सुकून तडकलं होतं. मनीषानं ती उचलून घेतली आणि गाडीच्या पुढं गेली. मी सांगायला निघालो, की जपून, दोन्ही हात लाव. स्प्रिंगा काढल्यापासून भेगेच्या भीतीनं मी ते बॉनेट नेहमी दोन्ही हातांनी, श्वास रोखून उचलायचो. त्याआधी स्प्रिंगा होत्या. मधल्या मधे एकदाही मी ते नुसतं उचलून बघितलं नव्हतं.

मनीषाच्या डाव्या हातात काठी होती. उजव्या हाताला अजून ओल होती, म्हणून तिनं पंजा लावला नाही. दोन बोटं कडेखाली घातली आणि बॉनेट उचललं. ते वर गेलं. आवाज नाही, झटका नाही. तिनं काठी लावली, आत वाकली, आणि नखानं टिचक्या मारत बिजागरीपर्यंत गेली. "पॅच जाड झालाय," म्हणाली. "पण बाबांचा मूळचा थर बघा कसा वाजतोय." तिनं पुन्हा टिचकी मारली. या वेळी मी मान वाकडी करून ऐकलं.

ती आत गेली, आखणीला. मी गाडीपाशी उभा राहिलो. काठी काढली, बॉनेट खाली घेतलं. मग माझी दोन बोटं कडेखाली घातली. बाबा घालायचे तशी. जोर लागला नाही. तू ते मला पहिल्याच दिवशी करून दिलं होतंस.